सहा हजार ठणठणीत पक्षी

चांगुणामावशीने मेलेला कोंबडा पायांना धरून आणला आणि शेडच्या फाटकाशी टाकला, तेव्हा गोरख सांगळे आत पक्ष्यांची वजनं घेत होता.

“बाहेर ये रे, सुपरवायझर!” मावशी ओरडली. “अकरा गेल्या माझ्या. अकरा! काल सांजच्याला दाणे टिपत होत्या, सकाळी खुराडं उघडलं तर सगळ्या आडव्या. तुमच्या शेडातून काय विष बाहेर टाकलं तुम्ही?”

गोरख बाहेर आला. त्याच्यामागून हात पुसत वैजयंता आली. ती त्याची थोरली बहीण आणि हे शेड तिचं. सिन्नरच्या पूर्वेला पांगरवाडीच्या माळावर तिने ते नवऱ्याच्या मागे लागून बांधून घेतलं होतं. नवरा ट्रकवर असे, महिन्यातले वीस दिवस बाहेर. कंपनीने पिल्लं, खाद्य आणि औषधं द्यायची, वैजयंताने ती वाढवायची आणि अडतिसाव्या दिवशी कंपनीच्या गाडीने पक्षी उचलून न्यायचे, असा सहा वर्षांचा करार होता. या पट्ट्यातल्या एकोणीस शेडांवर कंपनीचा सुपरवायझर म्हणून गोरख फिरत असे. आज अडतिसावा दिवस होता. गाडी चार वाजता येणार होती.

“मावशी, शेडातलं काही बाहेर जात नाही,” वैजयंता म्हणाली. “तुमच्या कोंबड्या गावभर उंडारतात. कुठं काय खाल्लं असेल, काय सांगावं?”

गोरखने वाकून कोंबडा पाहिला. तुरा काळानिळा पडला होता. पायांवर, जिथे पिसं नसतात तिथे, रक्ताचे बारीक लाल ठिपके होते. नोकरीला लागला तेव्हाच्या प्रशिक्षणात असं एक चित्र दाखवलं होतं. बर्ड फ्लू!

मग त्याने मान वळवून शेडकडे पाहिलं. सहा हजार पक्षी खाद्याच्या भांड्यांवर तुटून पडले होते. खिशातल्या फोनवर कंपनीच्या ॲपमध्ये शेडचं वर्तुळ हिरवं, म्हणजे सगळं ठीक असल्याचं, दाखवत होतं. छताला टांगलेला कॅमेरा दिवसरात्र पक्षी मोजायचा, त्यांचं खाणं-पिणं मोजायचा, त्यांचे आवाज ऐकायचा. खाणं नेहमीसारखं, पाणी नेहमीसारखं, दहा दिवसांत मरतूक अवघी दोन. बर्ड फ्लू जवळपास जरी असता, तरी दोन दिवसांत हे शेड स्मशान झालं असतं. त्याचा श्वास मोकळा झाला.

“मावशी, कुणीतरी उंदराचं औषध टाकलं असेल,” तो म्हणाला. “लांब खड्डा करून पुरून टाका. कुत्र्यांनी ओढायला नकोत.”

“उंदराच्या औषधानं तुरा काळा नाही पडत, पोरा. चाळीस वर्षं कोंबड्या पाळू राहिले मी.” मावशीने कोंबडा पुन्हा पायांना धरून उचलला, पदराने नाक पुसलं आणि ती गेली.

वैजयंता डोळा चोळत होती. डावा डोळा लालभडक झाला होता.

“काय झालं डोळ्याला?”

“खाली अंथरलेलं तूस उडतंय ना आत. तीन दिवस झाले, खुपू राहिलं. चल, तेवढी वजनं उरक.”

वजन भरत होतं सरासरी दोन किलो नऊशे. पाच वर्षांपूर्वी एवढं वजन पंचेचाळीस दिवसांतही होत नसे. फरक पडला तो ‘समतोल’मुळे.

समतोल म्हणजे एक फिकट बदामी भुकटी, किलोभर खाद्याला अर्धा ग्रॅम. कंपनीच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत डॉ. अरुंधती टिकेकरांनी ती शोधली होती. पहिल्या चाचण्या गोरखच्याच पट्ट्यात झाल्या. शेतकऱ्यांपुढे टिकेकरबाई तुसाच्या पोत्यावर बसून बोलल्या होत्या, ते त्याला पाठ झालं होतं.

“कोंबडी आजारी पडली की खाणं सोडते, कोपऱ्यात बसते, अंग तापतं,” त्या म्हणाल्या होत्या. “आपल्याला वाटतं, जंतूमुळे ती अशी झाली. तसं नसतं. हे तिचं शरीर मुद्दाम करतं. जंतू दिसला की रक्तातल्या पेशी काही रसायनं सोडतात. आतड्यापासून मेंदूपर्यंत एक लांब नस जाते, तिच्यावरून निरोप जातो, की बाबा, हल्ला झालाय, आता खाऊ नको, हलू नको, सगळी ताकद लढायला दे. मोठ्या आजारात हे ठीक आहे. पण शेडातली धूळ, लस, हवेतला अमोनिया, एवढ्याशा कारणानेही हा निरोप जातो. पक्षी अर्धा दिवस सुस्तावतो. अडतीस दिवसांच्या आयुष्यात असे अर्धे दिवस किती वाया जातात, मोजा.”

एका जिवाणूला आंबवून त्यांनी जो पदार्थ मिळवला, तो त्या नसेच्या टोकाशी जाऊन बसायचा आणि निरोप अडवायचा. पक्षी सुस्तावेना, खाणं सोडेना. खाद्यातली प्रतिजैविकं बंद झाली, म्हणून माणसांच्या डॉक्टरांनीही पाठ थोपटली. गोरखने घरोघर जाऊन समतोल पटवून दिला होता. सगळ्यात आधी ताईला.

त्याने पुढचा पक्षी पाय बांधून काट्याला उलटा लटकवला. तीन किलो वीस. आकडा लिहिताना त्याची नजर पायांवर गेली आणि पेन थांबलं.

लाल ठिपके.

त्याने पक्षी सोडला. तो पंख झटकून उभा राहिला आणि तडक खाद्याकडे पळाला. गोरखने दुसरा धरला. ठिपके. तिसरा स्वच्छ. चौथा, पाचवा, ठिपके. दहा पक्षी पाहिले, सात निघाले. तुरे कडेने जांभळट झालेले. आणि सातही पक्षी खाली ठेवताक्षणी खायला लागले, जणू काही झालंच नव्हतं.

“गोरख, काय बघू राहिलास इतका वेळ?” ताईने दारातून विचारलं.

“काही नाही. तू आत येऊ नको. तिथंच थांब.”

शेडच्या मागच्या बाजूला जाऊन त्याने टिकेकरबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“पक्षी खातायत?” शेवटी त्यांनी विचारलं.

“तुटून पडलेत, मॅडम.”

“अंग गरम लागतंय?”

“नाही.”

“नाहीच लागणार. तापाचाही निरोपच असतो.” पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “गोरख, नीट ऐका. समतोल आजार बरा करत नाही. आजार झाल्याचा निरोप तेवढा अडवतो. किरकोळ दुखण्यांसाठी आम्ही तो तपासला. बर्ड फ्लूत पक्षी विषाणूने मरतो, त्याहून जास्त स्वतःच्या शरीरात उठलेल्या भडक्याने मरतो. समतोलने तो भडका दाबला असेल, तर मरण काही दिवस पुढे जाईल. तोवर विषाणू त्याच्या नाकातून, विष्ठेतून बाहेर पडतच राहणार.”

“काही दिवस म्हणजे किती?”

“मला माहीत नाही. पण तुमचा पक्षी जगतोच अडतीस दिवस. तो मरायच्या आधी बाजारात पोहोचतो.”

गोरखला फाटकाशी टाकलेला कोंबडा आठवला.

“म्हणजे मावशीच्या कोंबड्या…”

“त्यांना समतोल मिळत नाही. त्या जशा मरायला हव्या तशा मेल्या.” त्या म्हणाल्या. “तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात तपासणीच्या पट्ट्या असतील. आधी खात्री करा. आणि तुमच्या बहिणीचा डोळा लाल आहे म्हणालात ना? त्यांना शेडापासून दूर ठेवा. पक्ष्यांचा फ्लू माणसाला झाला, तर कधी कधी सुरुवात डोळ्यापासून होते.”

घड्याळात साडेबारा वाजले होते.

एरिया मॅनेजर कुलथे साहेबांना कळवणं भागच होतं. त्यांनी पहिल्यांदा थट्टेवारी नेलं. मग आवाज खाली आणला.

“खाणारा पक्षी आजारी असतो हे तू कुठल्या पुस्तकात वाचलंस?”

“साहेब, पायावर ठिपके आहेत. मी डोळ्यांनी बघितलेत.”

“पकडताना खरचटतात पाय. गाडी निघालेली आहे. पक्षी उचलायच्या स्लिपवर सही कर आणि मोकळा हो.”

“पट्टी लावून बघतो. दोन तासांचा प्रश्न आहे.”

“आणि दोन रेघा आल्या तर? एक किलोमीटरमधलं पाखरू न् पाखरू मारतील. तुझ्या बहिणीपासून सुरुवात.” कुलथे पुढे म्हणाले. “अजून एक सांगू? या आठवड्यात तू एकोणीस शेडांत फिरलास. तेच बूट घालून. बूट धुवायचे पोटॅशच्या पाण्याचे ट्रे सगळीकडे कोरडे पडलेत, मला माहीत आहे. मरतूकच नाही, तर बूट कोण बुडवतो? रोग असेल, गोरख, तर तो नेला कुणी, याचा विचार कर. मग पट्टी लाव.”

फोन बंद झाला. गोरखने पायांतल्या बुटांकडे पाहिलं. मंगळवारी तो इथून निघाला होता. बुधवारी पाच शेडं, गुरुवारी सहा. कुलथे धमकी देत होते, पण सांगत होते ते खरं होतं.

तो मोटरसायकलवर बसला तशी ताई आडवी आली.

“कुठं निघालास? गाडी यायच्या वेळेला?”

त्याने सांगितलं. सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग संतापली.

“पक्षी ठणठणीत आहेत माझे! सहा हजारांतला एक बसलेला दाखव मला. एक! गावात बाईच्या शेडला नावं ठेवणारे कमी नाहीत, आता माझाच भाऊ उठला.”

“ताई, तुझा डोळा…”

“तूस गेलंय म्हटलं ना!” तिने डोळ्याकडे नेलेला हात मधेच थांबवला. “आणि ती भुकटी कुणी आणली या दारात? मी नको म्हणत होते. ‘ताई, डोळे झाकून घाल, पक्षी आजारीच पडत नाही,’ हे कोण म्हणालं होतं?”

“मीच म्हणालो होतो,” गोरख म्हणाला आणि गाडीला किक मारली.

तालुक्याला डॉक्टर नव्हते, गुरांच्या लसीकरणाला गेले होते. तिथल्या परिचराने दोन पट्ट्या, बोळे, हातमोजे आणि मास्क दिले आणि डॉक्टरांना फोन लावून ठेवतो म्हणाला. परत यायला तीन वाजले. ताई ओट्यावर बसली होती. तिने काही विचारलं नाही. गोरखने मास्क लावला आणि आत गेला. एका पक्ष्याची चोच उघडून घशातून बोळा फिरवला. मग दुसऱ्याच्या. दोन्ही पक्षी सोडताच खायला पळाले. बाहेर येऊन त्याने बोळे औषधात बुडवले आणि थेंब पट्ट्यांवर सोडले.

पंधरा मिनिटं थांबायचं होतं. ताई चार हात लांब उभी राहून बघत होती. शेडातून सहा हजार चोचींचा टकटक आवाज येत होता.

आठव्याच मिनिटाला पहिल्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली. मग दुसऱ्या पट्टीवर.

“दोन म्हणजे काय?” ताईने विचारलं. तिला कळलं होतं, तरी विचारलं.

“आहे.”

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. वीस मिनिटं आधीच गाडी आली होती. रिकाम्या क्रेट रचलेल्या, वर पक्षी पकडणारी आठ माणसं. ड्रायव्हरने खाली उडी मारून फाटकाला हात घातला.

“सुपरवायझर, कुलथे साहेबांचा फोन होता. म्हणाले स्लिप नसली तरी चालेल, भरून घ्या.”

गोरख काही बोलणार, त्याआधी वैजयंता पुढे झाली. तिने फाटक लावलं, साखळी गुंडाळली, कुलूप घातलं आणि पदर नाकातोंडावर धरून मागे सरली.

“पक्षी नेता येणार नाहीत, दादा.”

“का बरं? काय झालं?”

“बर्ड फ्लू आहे आत.” तिने गाडीवरच्या माणसांनाही ऐकू जाईल असं सांगितलं. “तुमच्या घरी लेकरंबाळं असतील. खाली उतरू नका कुणी. गाडीसुद्धा इथून तशीच धुवायला न्या.”

वरच्या आठ जणांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने क्रेटवरचा हात काढून घेतला. ड्रायव्हर आत वाकून बघत म्हणाला, “अहो बाई, पण हे तर खाऊ राहिलेत!”

“तेच तर,” वैजयंता म्हणाली.

गाडी मागे वळेपर्यंत गोरखने पशुसंवर्धन खात्याचा आपत्कालीन क्रमांक लावला होता. पलीकडच्या बाईने नाव, गाव, पक्ष्यांची संख्या लिहून घेतली. मग ठरलेला प्रश्न विचारला, “गेल्या चौदा दिवसांत या शेडात आलेली व्यक्ती दुसऱ्या कुठल्या शेडात गेली होती का?”

समोर बहीण उभी होती. ‘माहीत नाही’ एवढे दोन शब्द पुरले असते.

“हो. मी गेलो होतो,” गोरख म्हणाला. “हे धरून एकोणीस शेडं आहेत. तारखेवार सांगतो, लिहून घ्या.”

त्याला सांगायला अकरा मिनिटं लागली. प्रत्येक नावासरशी त्या घरातला चहा, ओटा, माणसं त्याच्या डोळ्यांपुढे येत होती.

अडवलेला निरोप मोकळा व्हावा म्हणून, टिकेकरबाईंनी फोनवर सांगितल्याप्रमाणे, गोरखने संध्याकाळी समतोलचं खाद्य काढून साधा मका भरडून घातला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या स्वतः पुण्याहून आल्या. पांढऱ्या पोशाखातलं सरकारी पथकही पोहोचलं होतं. सगळे जाळीपाशी जाऊन थांबले.

शेड खाली बसलं होतं. हजारो पक्षी माना टाकून, पिसं फुलवून, डोळे मिटून तुसावर बसले होते. भांडी भरलेली तशीच होती. कोपऱ्यांत मेलेल्यांचे ढीग होते. एका रात्रीत आजार आला नव्हता, एका रात्रीत दिसला होता.

“हे सगळं यांच्या आत होतं,” टिकेकरबाई जाळीला धरून म्हणाल्या. “आणि मी त्यांना सांगू दिलं नाही.”

वैजयंता हे पाहायला नव्हती. पहाटेच तिला ताप भरला होता आणि रुग्णवाहिका तिला नाशिकला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली होती. तिथे विलगीकरणात ती बारा दिवस होती. त्यातले चार दिवस वाईट गेले. दाजी रायपूरहून ट्रक टाकून आले आणि काचेपलीकडे बसून राहिले. गोरखलाही दुसऱ्या खोलीत ठेवलं होतं. त्याला काही झालं नाही.

एकोणीसपैकी तेरा शेडांत विषाणू सापडला. तेराही शेडांचं वर्तुळ त्या दिवशी हिरवं होतं. मोजून आठवडाभरात ते पक्षी तीन शहरांत गेले असते.

चांगुणामावशीलाही तोच ताप आला आणि नवव्या दिवशी ती वारली.

कंपनीने गोरखला काढून टाकलं आणि कुलथे साहेबांची बदली झाली. टिकेकरबाईंनी चौकशी समितीपुढे समतोल बंद करा म्हणून सांगितलं. समितीने तो बंद केला नाही. प्रत्येक शेडात जाळी लावून पंचवीस पक्षी वेगळे ठेवायचे, त्यांना बिनसमतोलचं खाद्य द्यायचं, त्यातला एक जरी बसला तरी कळवायचं, असा नियम निघाला. टिकेकरबाईंनी नोकरी सोडली. नियम कागदावर आला, पण तो कसा पाळायचा हे शेतकऱ्यांना सांगायला कुणी फिरकलं नाही.

वैजयंता घरी आली तेव्हा डोळा बरा झाला होता, पण जिना चढताना दम लागत होता. भावाशी ती जेवढ्यास तेवढं बोलत होती. तीन महिन्यांनी एके दुपारी तीच म्हणाली, “मावशीच्या घरी जाऊन आलास?”

“नाही.”

“का?”

खात्याला दिलेल्या यादीत एकोणीस शेडं होती. मावशीला म्हटलेलं एक वाक्य कुठल्याच यादीत नव्हतं.

“जाऊन ये,” ताई म्हणाली. “मी नाही येणार सोबत. तुझं तू जा.”

मावशीचे मालक नामदेवबाबा अंगणात बाजेवर बसले होते. खुराड्याचं दार उघडंच होतं. गोरख समोर जमिनीवर बसला.

“बाबा, त्या सकाळी मावशीला मीच म्हणालो होतो, पुरून टाका. हातात काही घाला असंही म्हणालो नाही.”

नामदेवबाबांनी खुराड्याकडे पाहिलं.

“तवा तुला माहीत नव्हतं ना?” त्यांनी विचारलं.

गोरखला नाही म्हणता आलं असतं. ते जवळजवळ खरंही होतं.

“कोंबड्याच्या पायावरचे ठिपके मी पाहिले होते,” तो म्हणाला. “मनात आलं होतं. पण शेडातले पक्षी खाताना दिसले आणि मला बरं वाटलं. तिथंच मी विचार सोडला.”

म्हाताऱ्याने मान हलवली. दोष देत होते की नुसतं ऐकत होते, ते कळलं नाही. “खड्डा मी खणला,” ते म्हणाले. “ती एकेक आणून देत व्हती.” मग म्हणाले, “हे मला सांगून काय होणार? माझ्याकडं आता पाखरू नाही. ज्यांच्याकडं हाये, त्यांना जाऊन सांग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गोरखने मोटरसायकल काढली. बूट घातले नाहीत, साधी चप्पल घातली. पहिलं शेड घुगे यांचं होतं. तेरातलं एक. त्यांनी नुकतीच नवी पिल्लं टाकली होती. गोरखला पाहून घुगे फाटकाशी आले आणि त्यांनी आतून कडी लावली.

“तुझ्यामुळं आठ हजार पक्षी गाडले मी,” ते म्हणाले. “आत पाऊल टाकायचं नाही.”

“टाकणार नाही,” गोरख म्हणाला. “कडी लावली तेच बरं केलं. मलाच नाही, कुणालाच असं आत घेऊ नका.”

घुगे वळून चालू लागले.

“घुगेभाऊ, ते पंचवीस पक्षी कुठं ठेवलेत? जाळी हवेच्या तोंडाशी आहे की मागे?”

घुगे थांबले. त्यांनी वळून पाहिलं नाही. “मागे. का?”

“बाहेरून येणारा वारा आधी पुढच्या पक्ष्यांना लागतो. मागे ठेवलेत तर उशिरा कळेल. पुढे आणा. आणि बसलेला पक्षी कसा दिसतो, ते इथूनच सांगतो. दहा मिनिटं लागतील.”

घुगे परत आले, फाटकाच्या आतल्या बाजूला पालथ्या बादलीवर बसले आणि म्हणाले, “सांग.”

गोरख बाहेरच्या मातीत उकिडवा बसला आणि सांगू लागला.